दुखऱ्या कोपऱ्याची माती

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

आधीच सांगते, हे पत्र भांडणाचं नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, मग तू फोन ठेवतेस आणि मी तुझ्या भावावर ओरडते, म्हणून लिहायला बसले. शाळेत एका बाकावर होतो तेव्हाही आपलं चिठ्ठ्यांवरच बरं चालायचं.

तर बातमी अशी, की नदीकाठचं आपलं शेत चाललं. "आपलं" ही तोंडाची सवय. ते वकीलसाहेबांचं आहे, हे दरवर्षी कराराच्या कागदावर सही घेताना ते नीट आठवून देतात. पण आधी मामंजींनी कसलं, मग ह्यांनी आणि मी, चाळीस वर्षं होतील. परवा सकाळी मी गाजराच्या ओळी विरळ करत होते, तर दोन माणसं बुटांसकट वाफ्यात. हातात खुंट्या आणि लाल फिती. मी म्हटलं, "अहो, वाफ्यातून काय चाललात, बांध कशासाठी ठेवलाय?" तर त्यातला एक म्हणतो, "ताई, पुढच्या वर्षी इथे वाफेच नसणार." आणि असं हसत म्हणाला गं, जसा काही मला सुटी देतोय!

सोलर. एकोणीस एकर, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वकीलसाहेबांनी तीस वर्षांसाठी कंपनीला देऊन टाकलं. ह्यांनी फोन केला तर म्हणाले, "मलाही म्हातारपण आहे." आहे ना, नाही कोण म्हणतंय? आमचं तेवढं नाही वाटतं.

मी काही सूर्याच्या विजेच्या विरोधात नाही. आपल्या गोदामाच्या छपरावर मीच भांडून सोलरच्या पट्ट्या बसवून घेतल्या, तुला माहीत आहे. पण समोरची अख्खी टेकडी उघडी पडली आहे, तिच्यावर धड गवत उगवत नाही. तिथे का नाही? तर म्हणे विजेच्या मोठ्या तारा आपल्या शेताच्या कडेने जातात, आणि जमीन सपाट आहे. म्हणजे आपण ती चाळीस वर्षं सपाट राखली, ही आपलीच चूक.

आता आशेचं. नियम असा आहे की कसदार जमिनीवर सोलर बसवता येत नाही. कार्यालयात त्याचा मोठा नकाशा लावलाय. कसदार ती हिरवी, हलकी ती पिवळी. मी अगदी रुबाबात बोट ठेवायला गेले, आणि बघते तर काय, आपलं शेत पिवळं! शेजारच्या मधमाश्यावाल्याचं पिवळं. नदीकाठची सगळी पट्टीच पिवळी. मी तिथेच खो खो हसले. कोपरापर्यंत हात घातला तरी खडा लागत नाही अशी आपली माती, आणि ती हलकी! शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हा हे कुणाच्या तरी हातून चुकलंय, आणि तू माती तपासणीच्याच कचेरीत बसतेस. एक शब्द टाक, बघ, शोध. ह्यांचं तर वेगळंच. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून नेतात आणि बांधावर टाकून बसतात. काम चालू असताना तुझा भाऊ कधी बसलेला पाहिलायस तू? मी नाही पाहिला. मला त्याचीच भीती वाटते.

तुझी,
वहिनी


१५ जानेवारी

वहिनीसाहेब,

तुझं पत्र वाचतानासुद्धा मी दार लावून घेतलं, इतका तुझा आवाज येतो त्यातून.

तो नकाशा आमच्या कचेरीत होत नाही. वर कुठेतरी कॉम्प्युटरवर होतो. पण त्याला लागणारे आकडे आमच्यासारख्या कचेऱ्यांतून जातात, आणि आपल्या भागाचे इथूनच. गेल्या बावीस वर्षांत ज्या ज्या शेताची माती इथे तपासली गेली, त्यावरून त्यांनी रंग दिले. तेव्हा घोटाळा असेल तर तो इथे सापडेल. कदाचित शेताचे नंबर खालीवर झाले असतील. नव्या कॉम्प्युटरवर सगळं चढवलं तेव्हा बऱ्याच गमती झाल्या होत्या. एका तळ्याला आम्ही बटाट्याची शिफारस केली होती.

मी जुन्या फायली काढते. पण एक मेहेरबानी कर, "आपलं माणूस आत आहे" असं सांगत सुटू नकोस. मी काही साहेब नाही. माती आली की पिशवीवर नंबर टाकायचा, फॉर्म भरायचा, खुणा करायच्या आणि आत तपासणाऱ्या मुलींकडे द्यायची, एवढंच माझं काम. नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, ती निवांत जावीत अशी इच्छा आहे.

दादाला म्हणावं, खुर्ची न्यायचीच असेल तर पाठ टेकायची ने. त्याच्या कंबरेचं मला माहीत आहे.

तुझी नणंद


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सांगायचं नाही म्हणालीस, आणि तोपर्यंत मी सांगून बसले होते. रागावू नकोस. मधमाश्यावाल्याला सांगितलं, मग त्याच्या बायकोने बाकीच्यांना. आता सगळे मला विचारतात, "तुमच्या नणंदेचं काय आलं?" मी म्हणते, येतंय, येतंय.

आम्ही हरकतीचा अर्ज दिला. सव्वीस मार्चला सुनावणी आहे. अधिकारी नवा आहे, तरुण आहे, बोलायला बरा वाटला. त्याने स्वच्छ सांगितलं, "मला तुमची गाजरं दिसतात हो, पण मी गाजरावर शेरा लिहू शकत नाही. मातीचा कागद आणा." मी चार गाजरं घेऊन गेले होते, ती त्याच्या टेबलावरच राहिली. कागदांखाली.

काल मी आपल्या शेताच्या मधोमध खड्डा घेतला. कंबरेइतका. ह्यांना वाटलं, डोकं फिरलं हिचं. वरपासून खालपर्यंत एकच रंग, आणि तळाशी हाताला गार ओल. खड्ड्यात उभी राहून मी रडले, तुला म्हणून सांगते. मग ह्यांनी हात देऊन वर काढलं आणि विचारलं, "तिचं पत्र आलं का?"

काय सापडलं ते लगेच कळव. मी माती पाठवू का?

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. गुडघा धरलाय. इकडे थंडीही बरीच होती. आमच्या कचेरीतलं मोठं यंत्र बंद पडून दहा दिवस झाले, सगळ्यांची चिडचिड चालू आहे. खालच्या मजल्यावर रंग काढतायत, त्याच्या वासाने डोकं दुखतं.

फायली वरच्या मजल्यावर आहेत. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर आहे. बघते.

माती मात्र पाठव, हे तुझं बरोबर. कशी घ्यायची ते नीट लिहिते, कारण बहुतेक जण चुकतात. शेतात नागमोडी चालायचं आणि दहा-पंधरा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घ्यायची. सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो पाठवायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची नको. आणि कोपऱ्यातली तर अजिबात नको.

दादाला विचारलंय म्हणून सांग.

तुझी नणंद


२३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

माती सोबत पाठवते आहे. अगदी तू सांगितलीस तशी, पंधरा ठिकाणांची. पण तुझं पत्र वाचता वाचता मी एका वाक्याशी थांबले. कोपऱ्यातली अजिबात नको?

अगं, मग मामंजी जन्मभर कुठली पाठवत होते?

लग्न होऊन आले त्या वर्षीचं मला आठवतंय. माती तपासायला द्यायची म्हणून मी हातात डबा घेऊन निघाले, तर मला हाक मारून थांबवलं. म्हणाले, "सूनबाई, मधली नाही. भट्टीच्या कोपऱ्याची घे." तिथे पूर्वी विटांची भट्टी होती, माती भाजलेली, चुनखडीने पांढरी पडलेली, आजही तिथे धड तण उगवत नाही. मी म्हटलं, तिथली कशाला? तर म्हणाले, "डॉक्टरकडे गेल्यावर दुखरा पाय दाखवतेस की चांगला?" मला इतकं पटलं! चांगल्या मातीला सल्ला कशाला हवा? आम्ही अजून तसंच करतो. गेल्या वर्षीसुद्धा मीच त्या कोपऱ्यातून भरून पाठवली, आणि तुम्ही लिहून दिलंत तेवढं खत फक्त त्या कोपऱ्यात टाकलं.

आणि आम्हीच नाही. मामंजींचा शब्द म्हणजे या काठावर शेवटचा. मधमाश्यावाला खडकाजवळची पाठवतो, पलीकडचे नाल्याकाठची. ज्याची जिथे दुखरी जागा, तिथली.

म्हणजे बावीस वर्षं आम्ही तुमच्या कचेरीला फक्त आजारीच माती दाखवली! आणि त्यांनी सगळं शेतच आजारी धरलं. वन्सं, सापडली की चूक! मला तर नाचावंसं वाटतंय. आता फक्त हे त्यांना सांगायचं, आणि झालं.

वहिनी


८ मार्च

वहिनी,

तुला नाचावंसं वाटलं, आणि मी ते पत्र आठवडाभर पिशवीत घेऊन फिरते आहे.

फायली कधीच वरच्या मजल्यावर नव्हत्या. माझ्या पाठीमागच्याच कपाटात आहेत. गुडघाही बरा आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी, डबा खायच्या सुटीत, मी त्या काढल्या. बावीस फॉर्म. बावीसही माझ्या अक्षरातले.

आता नीट वाच. फॉर्मवर एक ओळ असते, "हा नमुना संपूर्ण शेताचा आहे का?" पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. "नाही"वर खूण केली तर माती परत जाते आणि शेतकऱ्याला पुन्हा यावं लागतं. पहिल्या वर्षी बाबा स्वतः पिशवी घेऊन आले होते. दोन बस बदलून, धुतलेला सदरा घालून, मुलीची कचेरी बघायला. मी पिशवी उघडली तर त्यात विटेचे लाल तुकडे. मला कळणार नाही होय? शाळेत असताना त्याच कोपऱ्यातून डबा भरून आणायचं काम माझंच होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे "बरोबर जागेची आहे हं." मी "हो"वर खूण केली.

काय करणार होते? सगळ्यांसमोर बाबांना सांगणार होते की तुमची माती चुकीची आहे, परत जा? आणि तेव्हा त्या कागदाचं असं काय होणार होतं? खताचा सल्ला मिळायचा, बाबा खूष व्हायचे. पुढच्या वर्षी पुन्हा "हो". मग शेजाऱ्यांच्या पिशव्या आल्या, खडकाची आणि नाल्याची माती, त्यांनाही "हो". ते सगळे मला लहानपणापासून ओळखणारे. बाबा गेल्यावर तुझी पिशवी यायला लागली. प्रत्येक वेळी विटेचे तुकडे बघून मला बाबांची आठवण यायची आणि मी खूण करून मोकळी व्हायचे.

चूक दुसऱ्या कुणाची नाही वहिनी. तो नकाशा मी पिवळा केला.

तू पाठवलेली नवी माती तपासून झाली. मुली एकमेकींना बोलावून दाखवत होत्या. असा चांगला अहवाल मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो सोबत आहे, तो सुनावणीत ठेव. आमचे साहेब म्हणाले, जुने बावीस आणि नवा एक, सरासरीत काही फरक पडणार नाही, पण इतका वेगळा आकडा बघून एखादा अधिकारी पुन्हा तपासणी लावूही शकतो. तसं झालं तर दुसऱ्या कचेरीची माणसं येऊन स्वतः माती घेतील आणि सगळं आपोआप समोर येईल.

माझ्या खुणांचं मी कुणाला बोललेले नाही. बोलले तर नोकरी जाईल. तू म्हणशील तसं करीन, पण एकदा विचार कर. नवा अहवाल पुरेल, असं मला वाटतं.

तुझी नणंद


११ मार्च

वन्सं,

तुला वाटतं? "पुरेल, असं वाटतं"वर मी एकोणीस एकर टाकू?

इथे तुझा भाऊ दोन महिने खुर्चीवर बसून वाळतो आहे, आणि तू गुडघा धरलाय म्हणून लिहितेस! रंगाचा वास येतो म्हणून लिहितेस! जानेवारीपासून तुला ठाऊक होतं. मी दारोदार सांगत फिरले, माझी नणंद बघतेय, माझी नणंद शोधतेय. लाज वाटली गं मला तुझं पत्र वाचताना. तुझी आणि माझीही.

बाबांचं मन मोडवलं नाही, हे मला कळतं. त्यांच्याकडे बघून मीही "हो"च म्हटलं असतं. पण ते जाऊन नऊ वर्षं झाली. नंतरच्या खुणा कुणाचं मन राखायला केल्यास?

सुनावणीला ये आणि उभी राहून सगळं सांग. एका अहवालावर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, ह्या बाईने कुठून तरी चांगली माती आणून भरली. जुने बावीस खोटे आहेत हे कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते सांगणारी जगात एकच आहे. तुझी दोन वर्षांची नोकरी एकीकडे आणि आम्ही सगळे एकीकडे. मी जास्त मागतेय, मला माहीत आहे. तरी मागतेय.

ह्यांनी तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तिला यायचा आग्रह करू नकोस." मी करतेय.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

येते.

अर्ध्या दिवसाची रजा मिळाली आहे. एकच्या बसने मला परत निघावं लागेल. काय बोलायचं ते लिहून पाठ केलं, आरशासमोर म्हणून बघितलं. आरशातल्या बाईचा मला विश्वास वाटला नाही, पण त्या दिवशी वाटेल.

तू लिहिलंस ते खरं आहे. नंतरच्या खुणा मी कुणाचंच मन राखायला केल्या नाहीत, सवयीने केल्या.

नणंद


२८ मार्च

माझी लाडकी वहिनी,

काल पत्र लिहायला बसले आणि नुसतीच हसत राहिले. वयाला शोभत नाही, पण हसले खरी.

झालं की नाही? मी बोलले! सुरुवातीला मी नुसती पुटपुटत होते, तू मागून "मोठ्याने" म्हणालीस तेव्हा आवाज चढवला. मग थांबलेच नाही. बाबांची पिशवी, विटेचे तुकडे, चौकोन, खुणा, शेजाऱ्यांच्या मातीचं, सगळं. तो अधिकारी किती भला माणूस गं! एकदाही मध्ये बोलला नाही. सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, असं सांगायला धैर्य लागतं." बावीस वर्षं कचेरीत माझ्यासाठी कुणी उभं राहिलेलं नाही. त्याच्या तोंडावरूनच मला कळलं की त्याला पटलंय.

निकालाला थांबता आलं नाही याची चुटपुट आहे. पण दादा बसपर्यंत सोडायला आला, तेवढं पुरे. बस सुटताना खिडकीशी आला आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तू आलीस." एवढंच. मी संपूर्ण प्रवासभर तो हात दुसऱ्या हाताने धरून बसले होते, शेजारच्या बाईला वाटलं लागलंय मला.

कचेरीने मला घरी बसायला सांगितलं आहे, चौकशी होईपर्यंत. होऊ दे. इथली खोली सोडून तुमच्याकडेच येते, चालेल ना? मागची खोली रिकामी करून ठेव. मला वाकता येत नाही फारसं, पण बी मोजून टाकता येईल, पेट्या भरता येतील. पंचावन्न वर्षांची नवी मजूर. आपल्या शेतात पुढे काय लावायचं ठरवलंत? मी येईपर्यंत पेरू नका, मला बघायचंय.

निकाल काय तो सविस्तर लिही, शब्द न् शब्द.

तुझीच,
नणंद


४ एप्रिल

वन्सं,

हे तिसरं पत्र. आधीची दोन लिहून फाडली. एकात नुसतंच "ये" लिहिलं होतं. पण निकालाची प्रत तुझ्या कचेरीतर्फे तुझ्या हातात पडणारच आहे, आणि ती तू एकटीने वाचावीस हे मला सहन होत नाही. तेव्हा कुठेतरी बसून घे आणि हे वाच.

आपण हरलो. शेत गेलं.

तू आणि हे बसकडे गेलात त्यानंतर अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावलं. खोलीत मी, मधमाश्यावाला, कंपनीचा एक माणूस आणि तो अधिकारी. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आपल्या नव्या अहवालाचा कागद काढला आणि मला विचारलं, "या फॉर्मवर खूण कुणाची आहे?" मी बघितलं. "हा नमुना संपूर्ण शेताचा आहे का?" त्यापुढे "हो". तुझ्या हातची.

म्हणाला, "आजच त्या बाईंनी सांगितलं की या काठावरच्या प्रत्येक फॉर्मवर त्यांनी सरसकट हो म्हटलं. मग मी याच फॉर्मवरची खूण खरी कशी धरू?" मी म्हटलं, अहो, ही खरी आहे, मी पंधरा ठिकाणांची माती घेतली, माझे हात बघा. तो म्हणाला, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. कागदावर काय लिहू?" जुने बावीस बाद झाले आणि त्यांच्याबरोबर हा नवाही बाद झाला. आता आपल्या शेताच्या नावावर मातीचा एकही कागद नाही. कागद नाही तर ती कसदार आहे असा पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर हरकत टिकत नाही. आम्ही पुन्हा माती देऊ म्हटलं. त्याला नवा अर्ज, आणि तो अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा. वकीलसाहेब करणार आहेत का?

आता जे सांगते ते सांगायला नको होतं, पण प्रतीत ते आहेच. सकाळी तू बोलायच्या आधी त्याने शेरा लिहून ठेवला होता. त्याने मला दाखवला, "नव्या अहवालात मोठी तफावत, दुसऱ्या कचेरीकडून पुन्हा तपासणी व्हावी." सहीसुद्धा केली होती. मग त्यावर आडवी रेघ मारली.

म्हणजे नवा अहवाल पुरला असता. तू लिहिलं होतंस तसंच. तू गप्प बसली असतीस तर आपल्याला निदान तपासणी मिळाली असती, आणि तपासणी मिळाली असती तर काय निघालं असतं ते तुला नि मला माहीत आहे. तुला उभं केलं मी. ह्यांनी नको म्हटलं होतं, तू नको म्हटलं होतंस. मी तुला लाज काढून बोलावलं, तुझी नोकरी घालवली, आणि शेतही घालवलं. मला माफ कर असं लिहिणार होते, पण माफीने काय होणार आहे? इतका संताप येतो आणि तो करायला माणूस सापडत नाही. त्या अधिकाऱ्यावर करू तर तो बिचारा दारापर्यंत आला होता. तुझ्यावर करू तर तू खरं बोललीस. रोज सकाळी उठून मी हात धुते, केस बांधते, आणि मग काय करायचं ते सुचत नाही.

महिनाअखेरीपर्यंत मोकळं करून द्यायचं आहे. उभं आहे तेवढं काढतोय. कंपनीचा माणूस परवा घरी आला होता. पट्ट्या धुवायला, गवत कापायला इथलाच एक माणूस हवा आहे, जमिनीचा चढ-उतार माहीत असलेला. मला वाटलं, हे त्याला हाकलून देतील. ह्यांनी विचारलं, "कधीपासून?"

खोली रिकामी केली आहे. पलंग खिडकीकडे सरकवला, तुला उजेड लागतो म्हणून. तू ये. नाही म्हणू नकोस, तुझ्याशिवाय मला आता कुणाशी भांडता येत नाही.

फक्त एक ऐक. ह्यांना यातलं काही माहीत नाही. तुला सोडून परत आले तेव्हा निकाल लागून गेला होता. मी सांगितलं की वरून आधीच ठरलं होतं, आपण काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं. मधमाश्यावाल्यालाही मी तसं बजावलं आहे. तो हो म्हणाला, पण खाली बघून. ह्यांनी मला एकच विचारलं, "ती बोलली त्याचा काही उपयोग झाला का?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणाले, "असू दे. आली तर होती." तेव्हापासून जरा जेवतात. काल तर शेजारी बसून म्हणाले, सगळं गेलं तरी आपली माणसं उभी राहिली, हे काही थोडं नाही.

तू आलीस की तुलाही विचारतील. तुझा चेहरा बघून विचारतील, म्हणून आरशासमोर जे काय म्हणून बघायचं ते तिकडेच बघून ये. "काही उपयोग झाला नाही, दादा," एवढंच म्हण.

तुझी,
वहिनी